अकराव्या खणातले 'हे'

४ मार्च, सोमवार

आज दुकान उघडले. दोन महिने सहा दिवस बंद होते.

कुलूप काही केल्या निघेना. वस्ताद मागे उभे राहून बघत होते. शेवटी म्हणाले, "भाऊजी, किल्ली घराची आहे." मग त्यांनी स्वतःच्या किल्लीने उघडले.

वस्ताद माझ्या सासऱ्यांच्या काळापासून इथे खिशातले मिटते चाकू बनवतात. माझ्या बायकोला त्यांनी लहानपणापासून पाहिलेले, म्हणून तिला ताई म्हणत आणि मला भाऊजी. पुढच्या खोलीत विक्री, मागच्या खोलीत खिडकीजवळ त्यांची बैठक, धार लावायची फिरती सहाण, कानशी. सासऱ्यांनंतर दुकान ती जाईपर्यंत तिनेच चालवले. एकतीस वर्षे. मी वजनमापे खात्यात होतो. गेल्या वर्षी निवृत्त झालो.

वस्तादांनी चहा केला आणि सरळ विषयाला हात घातला. "भाऊजी, डोळे साथ देत नाहीत आणि मनगटही. अकरा नमुने आता माझ्याच्यानं व्हायचे नाहीत. सहा सांगा. सहा हात चालतायत तोवर करीन."

"कुठले सहा?"

"ते मी कसं सांगू? ताई सांगायच्या."

महिनाअखेर पोलादाच्या पट्ट्या कापायला पाठवायच्या आहेत. त्याआधी सांगायचे. जे पाच निघतील ते कायमचे निघतील, कारण दुसरे कोणी ते बनवत नाही.

नोकरीतली एक कोरी तपासणी-वही घरी होती. तीच वापरतो आहे. रोज लिहीनच असे नाही.

६ मार्च

दुकानात भिंतीला एक कपाट आहे. अकरा खण, प्रत्येकावर तिच्या अक्षरात चिकटवलेला कागद. मला वाटले होते क्रमांक असतील. आमच्या खात्यात सगळ्याला क्रमांक असे. इथे लिहिले आहे: मामा, मावशी, आत्या, जावा, नणंद, धाकटी, जावई, व्याही, मेव्हणा, सासरेबुवा.

वस्तादांना विचारले. म्हणाले, "पूर्वी नावं नव्हती. थोरले मालक 'तो मोठा', 'तो वाकडा' असं सांगायचे. लग्न होऊन ताईंना नवी नाती मिळाली, तशी नावं पडत गेली. गिऱ्हाइकांनी उचलली."

प्रत्येक खणात तिची एक चिठ्ठी आहे, गिऱ्हाइकाला काय सांगायचे त्याची. काही उतरवून घेतो.

"मामा. पोट मोठं, मन मोठं. दोर, पोती, कलिंगड, काहीही सांगा."

"जावा. दोघी एकाच बाजूला राहतात. एकीला काढलं की दुसरी हलते. घासतातच. पण एकीची धार गेली की दुसरी कामाला येते."

"सासरेबुवा. कमान कडक. उघडताना नख जपा."

"जावई. शिंपल्याची मूठ. कापायला लावू नये."

अकराव्या खणावर मात्र नाव नाही. नुसते 'हे' लिहिले आहे. आतल्या चिठ्ठीतही तेच. "हे. मध्येच थांबतात. ओढू नये. आपणहून पुढं उघडतात. एकदा उघडले की हलत नाहीत. आवाज नाही."

चाकू पुल्लिंगी, म्हणजे 'हा' हवे. पाते म्हणायचे असेल तर 'हे' चालेल, पण मग 'हलत नाही' हवे, 'नाहीत' कशाला? एका चाकूला अनेकवचन. तिचे व्याकरण पहिल्यापासून कच्चे. मी पेन्सिलीने दुरुस्ती केली. नाव द्यायचे राहून गेले असणार, आणि 'हे' म्हणजे 'हे इथे ठेवले आहे' एवढाच अर्थ.

घरी येताना एक गोष्ट मनात आली. आमच्या दोन्ही घरची सगळी माणसे त्या कपाटात आहेत, बहिणीचा जावईसुद्धा. मी नाही. ते बरोबरच आहे. मी दुकानात कधी जातच नव्हतो.

७ मार्च

काल लिहिले ते अर्धवट राहिले.

लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी मी दोन-तीनदा दुकानात गेलो होतो. एका संध्याकाळी ती म्हणाली, "तुम्ही दुकानात नका येत जाऊ. तुम्ही आलात की गिऱ्हाईक गप्प होतं." खरे होते. मी आत शिरलो की हसणे-बोलणे थांबायचे. आमच्या खात्याच्या माणसाला पाहून कुठल्याही दुकानात तसेच होते, त्यामुळे मला वाईट वाटले नाही. थोडे वाटले. त्यानंतर कोपऱ्यावरच्या औषधवाल्यापाशी थांबत असे. साडेसहाला ती येई, मग घरापर्यंत बरोबर चालत जात असू. बोलायची तीच. एकतीस वर्षांत साडेसहाचे पावणेसात फार तर चार-पाच वेळा झाले असतील.

निवडीची पद्धत ठरवली आहे. प्रत्येक नमुना खिशात ठेवून वापरायचा आणि तीन गोष्टी लिहायच्या: कसा उघडतो, काय काम देतो, काय त्रास देतो. न वापरता शेरा मारायचा नाही.

९ मार्च, शनिवार

मामा. एका बाजूने पँट खाली ओढली जाते. बसताना टोचतो. पण माळ्यावरच्या पेट्यांचे जुने दोर त्याने पाच मिनिटांत कापले, आणि कलिंगडही. वस्ताद म्हणाले, "मामा खिशात मावत नाही, बाकी कुठंही चालतो." ठेवायचा.

दुपारी माळीणबाई आल्या. पुढच्या रस्त्यावरची मोठी बाग त्या सांभाळतात. दारातूनच म्हणाल्या, "आत्या द्या हो एक. माझी आत्या काल हौदात पडली."

मी खुर्चीतून उठलोच. "लागलं का फार? काढलं का त्यांना?"

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. आतून वस्ताद ओरडले, "चाकू, भाऊजी! चाकू!"

तिसऱ्या खणातून काढून दिला. टोकाशी आत वळलेले पाते, फांद्या छाटायला. चिठ्ठीवर 'आत्या. नाक बघा' एवढेच आहे. तिच्या आत्यांना मी लग्नात पाहिले होते. नाव अगदी योग्य आहे.

माळीणबाई जाताना म्हणाल्या, "ताई असत्या तर म्हणाल्या असत्या, आत्याला पोहता येत नाही, दोरी बांधून ठेवा." मग डोळ्याला पदर लावून गेल्या.

१२ मार्च

जावई एका दिवसात आटोपला. पेन्सिलीला टोक करायला घेतले तर मूठ निसटते. औषधवाल्याला दाखवला, तो "वा!" म्हणाला. हातात घेणारा प्रत्येक जण "वा!" म्हणतो. दुसरे काम नाही.

नणंद: लहान, अणकुचीदार. बोटात लाकडाची कूस गेली होती, ती अलगद काढली. थोडेसे टोचून. चिठ्ठी: "नणंद. चिमटा काढते, पण काटाही तीच काढते."

सासरेबुवांनी अंगठ्याचे नख तोडले.

१४ मार्च

शिंपीणबाई आल्या होत्या. चौकात त्यांचे शिवणाचे दुकान आहे. नवरा-बायको दोघे मिळून चालवतात.

इकडेतिकडे बघून हळूच म्हणाल्या, "हे आहेत का?"

मी म्हटले, "नाही, तुमचे यजमान इकडे आलेले नाहीत. निरोप असेल तर सांगा."

बाई आधी लाल झाल्या. मग हसू लागल्या. इतक्या, की त्यांना स्टुलावर बसावे लागले. आतल्या खोलीत वस्तादांनी एकदम सहाण फिरवायला घेतली. नंतर पाहिले तर सहाणेवर काहीच धरलेले नव्हते.

"असू दे," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "धाकटी द्या एक. दोरे कापायला. मागची हरवली." धाकटी सगळ्यात छोटा चाकू, सगळ्यांचा हरवतो, म्हणून सगळ्यात जास्त खपतो. "परत येते मी. ह्यांना घेऊनच येते."

बायका नवऱ्याला शोधत दुकाने पालथी घालतात, हे मला माहीत नव्हते. आमच्याकडे तिला कधी शोधावे लागले नाही. मी कोपऱ्यावरच असायचो.

१९ मार्च

दुपारी अक्का आली. माझी थोरली बहीण. पासष्ट वर्षांची आहे आणि अजून मला दटावते.

"जेवतोस का नीट?"

"जेवतो."

"काय?"

मी सांगायला लागलो आणि थांबलो, कारण काल काय जेवलो ते आठवावे लागले. अक्का म्हणाली, "हे बघ, लागली गाडी थांबायला. लहानपणापासून असाच. विचारावं एक, तर अर्धं बोलून उभा. पुढचं ऐकायला माणसानं सतरंजी टाकून बसावं."

तिने पर्समधून चाकू काढून सफरचंद चिरले. नणंद.

"तुला माहीत आहे याचं नाव?" मी विचारले.

"माहीत असायला काय? तिनंच दिला. म्हणाली, हा तुमचाच. मी म्हटलं, चिमटे काढते म्हणतेस काय मला? म्हणाली, काढता की. तेव्हापासून पर्समध्ये आहे. यादीत नाही ठेवलास तर बघ." मग तिने विचारले, "आणि तुझा कुठला?"

"माझा नाही. मी त्यात नाही."

अक्काचा हात थांबला. तिने कपाटाकडे पाहिले. पहिल्या खणापासून अकराव्यापर्यंत कागद वाचले. मग माझ्याकडे पाहिले.

"शाळेत पहिला यायचास ना रे तू?"

"दुसरा. का?"

"काही नाही. खा सफरचंद."

जाताना तिने वस्तादांशी काहीतरी कुजबुज केली. वस्ताद म्हणाले, "मी कसं सांगू? ताईंनी नाही सांगितलं." माझ्या जेवणाविषयी असावे.

२३ मार्च, शनिवार

दहा नमुने वापरून झाले. यादी अशी: मामा, आत्या, मावशी, नणंद, धाकटी. मावशीत तीन पाती आहेत, आणि ती कशालाच नाही म्हणत नाही. हे पाच नक्की. सहाव्या जागेसाठी व्याही आणि मेव्हणा. मेव्हण्याला बाटली उघडायचा आकडा आहे. माणसे खूश होतात, पण रोज उपयोग नाही. व्याही दोन्ही टोकांना एकेक पाते घेऊन मान राखून बसतात. कल व्याहींकडे आहे.

वस्तादांना सांगितले. जावई काढला म्हटल्यावर म्हणाले, "रुसेल, पण निभेल." पुढचे ऐकून कानस खाली ठेवली.

"हे काढलंत?"

"त्याला नावसुद्धा नाही."

"ते नका काढू, भाऊजी."

"कारण?"

"चांगलं आहे."

"चांगलं म्हणजे काय? सगळेच चांगले आहेत."

वस्तादांनी कानस उचलली, पुन्हा ठेवली. चष्मा काढून पुसला. "तुम्ही दहा खिशात ठेवून पाहिलेत. ते ठेवलंत?"

नव्हते ठेवले. चूक माझी. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मी न तपासता कुठल्याही मापावर शेरा मारला नाही, आणि इथे बिननावाचे म्हणून बाजूला टाकले. अकरावा चाकू खिशात घालून घरी आलो.

२६ मार्च

अकरावा नमुना, तीन दिवसांचा वापर.

लांबी मध्यम. साधी लाकडी मूठ, कडा गोल. एकच पाते, सरळ. खिशात आहे हे कळत नाही. चार वेळा चाचपून पाहावे लागले.

उघडताना पाते अर्ध्यावर येऊन थांबते. पहिल्यांदा वाटले बिघडले आहे. जोर लावला तर तिथेच अडून राहते. हात सैल सोडून पुन्हा जरा ढकलले की शांतपणे शेवटपर्यंत जाते. मिटतानाही तसेच. मामा मिटताना खटकन वाजतो, जावा किरकिरतात. याचा आवाज नाही. मध्येच थांबत असल्यामुळे एकदम मिटून बोट कापायचे भय नाही. बाकी दहांनी मिळून मला चार ठिकाणी कापले. याने एकदाही नाही.

पेन्सिल, पुठ्ठा, भाकरीच्या पिशवीची सुतळी, फळ. सगळे होते. दिखाऊ काही नाही.

टेबलावर सांत्वनाची पत्रे पडून होती. दोन महिने मी ती फोडली नव्हती. काल या चाकूने फोडली. सतरा होती. सगळी वाचली.

वस्तादांना विचारले, हा नमुना सासऱ्यांचा का? म्हणाले, "नाही. हा एकच ताईंचा. लग्नाच्या दुसऱ्या वर्षीचा. पात्याची टाच सहा वेळा कानशीनं घासायला लावली मला. म्हणायच्या, अजून नाही जमलं, अजून थोडा थांबला पाहिजे. मी म्हटलं, ताई, थांबणारा चाकू कोण घेईल? म्हणाल्या, मी घेतला ना." एवढे बोलून ते उजेड पुरत नाही म्हणून खिडकीकडे तोंड करून बसले. दुपारचे बारा वाजले होते.

शेरा: उत्तम. दोष: सुरुवातीला समजत नाही.

अजून नाव सुचत नाही. यादीत घ्यायचा तर गिऱ्हाईक मागणार कसे?

२८ मार्च, गुरुवार

जमेल तसे लिहितो.

अकराच्या सुमाराला मी मागच्या खोलीत पट्ट्या मोजत होतो. वस्ताद पुढे बसले होते. शिंपीणबाई आल्या. या वेळी त्यांचे यजमान बरोबर होते. पडद्याआडून आवाज येत होता.

"वस्ताद, ह्यांना 'हे' दाखवा हो. ह्यांना वाटतं मी थट्टा करते."

"मला कशाला दाखवता," यजमान म्हणाले. "घ्यायचा तो घे आणि चल."

"अहो, ऐका तर! ताई काय म्हणायच्या सांगा ना, वस्ताद. म्हणायच्या, बाई, 'हे' घ्यायचे तर घाई करू नका. आमचे हे पण असेच. अर्ध्या वाक्यात थांबतात, मला वाटायचं झालं, संपलं, आणि मग असं काही बोलतात की..."

मी पडदा सारून बाहेर आलो.

बाई गप्प झाल्या. यजमान गप्प झाले. वस्ताद आपल्या हातांकडे पाहू लागले.

मी आलो आणि गिऱ्हाईक गप्प झाले.

मी बोलायला तोंड उघडले. "म्हणजे, हा," एवढे म्हणालो आणि पुढे काही येईना. माझ्यासमोर अकराव्या खणावरचा कागद होता. इतके दिवस पाहतो आहे. त्या कागदाच्या कडा बोटांनी झिजल्या होत्या. बाकी दहांच्या तशा नव्हत्या.

शिंपीणबाई घाबरल्या. "माफ करा, मी काही वावगं..."

वस्ताद म्हणाले, "थांबा बाई. घाई नका करू. पुढं बोलतील."

किती वेळ गेला सांगता येत नाही. वजनमापे खात्यात असूनही. मग मी म्हणालो, "दाखवतो." अकरावा खण उघडला. चाकू यजमानांच्या हातात दिला. म्हटले, "अर्ध्यावर थांबेल. ओढू नका."

त्यांनी उघडला. थांबला. त्यांनी बायकोकडे पाहिले. मग हळूच पुढे नेला. "अरे वा," म्हणाले. पण जावयाला म्हणतात तसे नाही.

दोघे गेल्यावर वस्ताद म्हणाले, "ताई तुमचं नाव घेत नव्हत्या ना, भाऊजी. मग खणावर काय लिहिणार? दिवसातनं चार वेळा तरी चालायचं इथं, हे काढा, हे द्या, हे संपत आले. बायका हसून हसून पडायच्या. तुम्ही दारात दिसलात की ताईंच्या कानाच्या पाळ्या लाल. म्हणून तुम्हाला येऊ नका म्हणाल्या. मला शपथ घातली होती."

मी विचारले, "एकतीस वर्षं?"

"एकोणतीस. दोन वर्षं बनवायला गेली."

साडेसहाला दुकान बंद केले. औषधवाल्यापाशी जाऊन थोडा वेळ उभा राहिलो. मग चालत घरी आलो. खिशात चाकू होता.

३० मार्च, शनिवार

वस्तादांना यादी दिली. मामा, मावशी, आत्या, नणंद, धाकटी, हे. पट्ट्या सोमवारी कापायला जातील.

व्याहींना काढावे लागले याचे वाईट वाटते. शिल्लक आहेत ते खपेपर्यंत खणात राहतील.

अक्काला फोन केला. म्हणाली, "कळलं का? किती दिवस लागले?"

मी मोजले आणि सांगितले, "बावीस."

"तुझ्या मानानं लवकर," म्हणाली. आणि मग, काल काय जेवलास ते विचारले.

दुपारी गिऱ्हाईक नव्हते. अकराव्या खणातली चिठ्ठी काढली. रबर घेतले. माझी पेन्सिलीची दुरुस्ती पुसून टाकली. तिच्या शाईला धक्का लागू नये म्हणून हळू पुसावे लागले. पुन्हा एकदा वाचले.

'हलत नाहीत.' बरोबर आहे. व्याकरणात चूक नव्हती.